पाणी आमचं, आजार जिल्ह्याचा

३ फेब्रुवारी

ही डायरी नवऱ्याने दिली. गेल्या महिन्यात जहाजावर परत जाताना म्हणाला, "आईचा राग आला की यात लिहीत जा, मला फोनवर सांगत बसू नकोस." भर समुद्रात घरची भांडणं ऐकून तो तरी काय करणार म्हणा. तेव्हा सुरुवात सासूबाईंपासूनच करते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलं, हे मी त्यांना परवा विश्वासाने सांगितलं होतं. आज जिना चढताना तीच हकीकत मला चौथ्या मजल्यावरच्या मुलीने सांगितली, वर दोन नव्या गोष्टी घालून. सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. डॉक्टरच्या घरात असं माणूस असणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

ऑफिसात एक गोष्ट झाली. टाकीमागच्या वस्तीतून आमच्या दवाखान्यात काविळीचे चार पेशंट आले. चौघंही एकाच ओळीतल्या घरांमधले. मी नगरपालिकेची आरोग्य अधिकारी झाल्यापासून असं पहिल्यांदाच होतंय. पण घाबरण्यासारखं काही नाही, कारण कोणाचं काम काय हे मला पाठ आहे. धरणापासून टाकीपर्यंतचं पाणी राज्याचं. टाकीपासून नळापर्यंतचं आमचं. ते पिऊन माणूस आजारी पडला की त्याचा आकडा जिल्ह्याचा. साथ आहे की नाही हे जिल्हा ठरवतो, पाणी वाईट आहे की नाही हे राज्याची प्रयोगशाळा ठरवते, आणि पेशंट फारच बिघडला तर सरकारी हॉस्पिटलात जातो, म्हणजे पुन्हा राज्याकडे. केंद्राकडून पोस्टर येतात. नव्या लोकांना हे सगळं कटकटीचं वाटतं. मला आवडतं. नीट लावलेल्या कपाटात हात घातला की हवी ती वस्तू हाताला लागते, तसं आहे ते. ट्रेनिंगच्या परीक्षेत या विषयात मी पहिली आले होते.

६ फेब्रुवारी

वस्तीतून आणि आसपासच्या गल्ल्यांतून पाणी आणून आमच्या साध्या बाटल्यांत भरून ठेवलं होतं. त्या बाटलीत एक औषध असतं. पाण्यात गटाराचा अंश असेल तर ती एकदोन दिवसांत काळी पडते. आज सकाळी ऑफिसच्या खिडकीत बघते तर निम्म्या बाटल्या शाईसारख्या काळ्या. त्यातली एक आमच्या गल्लीची.

काळी बाटली हा पुरावा नव्हे, नुसता इशारा. पुरावा प्रयोगशाळेचा. मी लगेच नमुने राज्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवले.

घरी आल्यावर सासूबाईंना म्हटलं, आजपासून पिण्याचं, चूळ भरण्याचं, भाज्या धुण्याचं, सगळं पाणी उकळायचं. त्यांनी कारण विचारलं आणि मी सांगितलं. त्या तशाच चप्पल शोधायला लागल्या.

"खाली शिवणवाल्या काकूंना सांगून येते."

"आई, नाही. कोणालाही सांगायचं नाही."

"अगं, पाणी तर सगळ्यांचं एकच आहे."

मी त्यांना बसवून समजावलं. पाणी वाईट आहे असं मी तोंडाने म्हणायचं नसतं, तो अधिकार प्रयोगशाळेचा. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी एका वार्ताहराला दोन वाक्यं काय सांगितली, त्यांची बदली अशा ठिकाणी झाली की तिथे बसही पोचत नाही. शिवाय नुसत्या कुजबुजीने घबराट पसरते. उद्या रीतसर नोटीस निघेल, मग सगळ्यांनाच कळेल.

"उद्या म्हणजे उद्याच ना?" त्यांनी विचारलं.

"उद्याच."

"मग आज कुलूप," असं म्हणून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. किती वेळ टिकतंय बघू.

७ फेब्रुवारी

नोटीस निघाली नाही.

मुख्याधिकारी साहेबांनी माझा मसुदा वाचून चष्मा काढला. "मॅडम, यात 'कावीळ' असा शब्द आहे. कावीळ आपली नाही, जिल्ह्याची."

मी तो शब्द खोडला. मग राहिलं, पाणी उकळून प्या.

"म्हणजे आपलं पाणी खराब आहे हे आपणच कबूल करतो. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आलाय?"

"यायचाय."

"मग येऊ द्या की."

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. ते फार गोड बोलतात. "मॅडम, पाणी तुमचं. तुमच्या पाण्यावर मी नोटीस काढली तर तुमचेच साहेब माझ्यावर चढतील." मी म्हटलं, मग साथ जाहीर करा. तर म्हणाले, चार पेशंट म्हणजे काही साथ नव्हे, आकडा वाढला की कळवा.

राग आला, पण खोटं कशाला बोलू, दोघंही नियमाने बरोबर होते. त्यांच्या खुर्चीत असते तर मीही हेच म्हटलं असतं. पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरने टाकीत क्लोरीन वाढवलं, पण गळती टाकीच्या पुढे असेल तर त्याचा काय उपयोग, हे तोही जाणतो.

संध्याकाळी सासूबाईंनी दारातच विचारलं, "निघाली?" म्हटलं, दोन दिवस लागतील.

१० फेब्रुवारी

खालच्या शिवणवाल्या काकूंची सून माहेराहून परत आली. तिच्या आईचं कमरेचं हाड मोडलं होतं, म्हणून बिचारी बरेच दिवस तिकडेच होती. अंगाने इतकी बारीक की सासूबाईंनी लग्नातच तिचं नाव पेन्सिल ठेवलं. आता सहावा महिना आहे, तरी नाव पेन्सिलच. तिलाही त्याचं काही वाटत नाही. नवरा तिची बॅग घरात ठेवतोय तोवर ही वर आली, आमच्या कोचावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "ताई, आधी बाळाचे ठोके ऐका. मग मी घरी जाते."

मी ऐकले. छान जोरकस होते. तिच्या कानाला नळी लावून तिलाही ऐकवले. ती इतकी हसली की आवाज ऐकायलाच येईना. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं बघणं मला कळलं. पण नोटीस आता एकदोन दिवसांचा प्रश्न आहे. लोहाच्या गोळ्या वेळेवर घे, डाव्या कुशीवर झोप, जड उचलू नकोस, असं सगळं मी तिला सांगितलं. पाण्याचं ओठांवर आलं होतं.

काविळीचा हा प्रकार इतरांना पंधरवडाभर लोळवतो आणि सोडतो. पोटुशी बाईला मात्र तो जिवावर बेततो. हे मला पुस्तकाच्या पानासकट आठवतं. म्हणूनच नोटिशीच्या मागे लागायला हवं.

१३ फेब्रुवारी

प्रयोगशाळेने नमुने परत पाठवले. ते जिल्ह्यामार्फत यायला हवे होते म्हणे, मी थेट पाठवले. नियम बघितला, चूक माझीच निघाली. घाईत लक्षात आलं नाही. आता पुन्हा पाणी घ्यायचं, बर्फाच्या पेटीत जिल्ह्याला पाठवायचं, जिल्हा सही करून पुढे पाठवणार. परीक्षेत पहिली आलेली मी. कोणाला सांगायचीही सोय नाही.

पेशंट वाढले आहेत. त्यातले दोघं नाल्यापलीकडचे, म्हणजे शेजारच्या गावाच्या हद्दीतले, म्हणून आमच्या आकड्यात धरायचे नाहीत. पितात आमचंच पाणी.

१६ फेब्रुवारी

आज सासूबाईंशी वाजलंच.

झालं असं की मी दुपारी कागद न्यायला घरी आले, तर पेन्सिल आमच्याकडे. रोजच असते म्हणे! सासूबाई तिला दुपारभर वर बोलावतात, चहावर चहा पाजतात आणि जाताना आमच्या उकळलेल्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या तिच्या हातात देतात. "आमच्याकडचं गार असतं गं, तुला गोड लागेल," असं सांगून. गॅसचा सिलिंडर संपला तो यामुळे. काकूंनीही परवा जिन्यात विचारलं होतं, "काय हो, या वेळी सिलिंडर फारच लवकर आला तुमचा?" मी म्हटलं, थंडी आहे ना, आंघोळीला लागतो. त्यांनी मान हलवली.

पेन्सिल माझ्यादेखत विचारत होती, "आजी, तुम्ही एवढं पाणी का उकळता?" सासूबाई म्हणाल्या, "माझं पोट नाजूक." पोट नाजूक! दगड पचवणारी बाई.

ती गेल्यावर मी चांगली बोलले. म्हटलं, अशाने चार दिवसांत सगळ्या बिल्डिंगला कळेल. उद्या ऑफिसात विचारलं, बातमी कुठून फुटली, तर मी काय सांगू? गप्पांची हौस थोडे दिवस आवरा.

"मी बोलले का कोणाला? एका शब्दाने बोलले नाही. एवढं तरी करू दे गं."

"आई, माझी नोकरी जाईल."

यावर त्या उलट उत्तर न देता आत गेल्या. लग्न झाल्यापासून असं प्रथमच झालं असेल. डायरीचा गुण म्हणायचा.

२१ फेब्रुवारी

दुपारच्या बैठकी बंद झाल्या. घर शांत आहे. सासूबाई दार लावून आत बसतात, फुगल्या आहेत. नवऱ्याचा फोन आला तर त्याच्याशीही जेमतेम बोलल्या. तो मला विचारतोय, आईला बरं नाही का.

जिल्ह्याचं पथक येऊन पेशंट मोजून गेलं. मोजणी त्यांची, त्यामुळे आम्ही नुसते सोबत हिंडलो. एका घरात म्हातारीने विचारलं, "मोजून झाल्यावर काय करणार?" पथकातल्या बाई म्हणाल्या, "वर कळवणार."

२७ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. पाणी पिण्यास अयोग्य.

१ मार्च

अखेर नोटीस निघाली. जिल्ह्याने साथ जाहीर केली, आम्ही पत्रकं चिकटवली, वर्तमानपत्रातही आलं. गळती सापडली. आमची पाइपलाइन गटाराखालून जाते तिथेच ती फुटली होती. रस्ता खोदायला रस्ते खात्याची परवानगी लागते, तीही साथ जाहीर झाल्यावर एका दिवसात मिळाली. मुख्याधिकारी म्हणाले, "बघा मॅडम, सगळं आपापल्या वाटेने झालं की कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही." मला मनापासून पटलं.

घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं. "आता सांगू?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणेपर्यंत फोन ठेवलाही होता. नंतर कळलं की एका पायात त्यांची आणि एका पायात माझी चप्पल घालून त्या खाली धावल्या. आता काकूंकडेही मोठं पातेलं चढलेलं असतं. सुटले एकदाची.

१८ मार्च

सकाळी पेन्सिल जिन्यात भेटली. म्हणाली, "ताई, दोन दिवस अन्न बघवत नाही. या महिन्यात असं होतं का?" मी तिला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि डोळ्याखालची कातडी ओढली.

पिवळं.

तिच्या नवऱ्याच्या डिलिव्हरीच्या गाडीतून तिला सरकारी हॉस्पिटलात नेलं. खोक्यांच्या मधे गादी टाकली होती. वाटेभर तीच मला धीर देत होती.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी काकूंना विचारलं, हे नळाचं पाणी कधीपासून पिते. काकू म्हणाल्या, "दहा फेब्रुवारीला आली माहेराहून. तिकडे तर कोणालाच काही नाही." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे लागण इथलीच." मी मान डोलावली. त्यांना वाटलं, मी एक डॉक्टर म्हणून दुजोरा देते आहे.

ती आली तेव्हा मला माहीत होतं. ती माझ्या कोचावर बसली होती, माझ्या हातात तिच्या बाळाचे ठोके होते, आणि मला माहीत होतं. मी गोळ्यांबद्दल बोलले.

२१ मार्च

बाळ गेलं. मुलगी होती. पेन्सिल शुद्धीत नाही. मधेच डोळे उघडते आणि कोणालाच ओळखत नाही.

मी ओळखीने तिला वेगळी खोली मिळवून दिली. तिच्या नवऱ्याने माझे पाय धरले. मी त्याला उठवलंही नाही, मला सुचलंच नाही. तो वाकलेला आणि मी तशीच उभी.

सासूबाई रोज हॉस्पिटलच्या बाकावर येऊन बसतात आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत येतात. आज रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "जन्मभर नको तिथे बडबडले. एकदाच गप्प बसले." मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्वतःलाच बोलत होत्या.

चहाच्या बैठकी. दोन मोठ्या बाटल्या. आत्ता कळतंय मला ते काय चाललं होतं. मी डॉक्टर, आणि मला ती गप्पांची हौस वाटली.

२६ मार्च

तिने आज काकूंना ओळखलं. जगेल, असं डॉक्टर म्हणतात. मी हॉस्पिटलच्या संडासात जाऊन रडले.

४ एप्रिल

जिल्ह्यात साथीची आढावा बैठक झाली. सगळे आले होते. प्रत्येकाने आपापलं सांगितलं. प्रयोगशाळेने रिपोर्ट मुदतीत दिला होता. जिल्ह्याने आकडा भरताच साथ जाहीर केली होती. इंजिनियरने परवानगी मिळताच पाइप बदलला होता. हॉस्पिटलने एकही पेशंट परत पाठवला नव्हता. कोणीच खोटं बोलत नव्हतं. शेवटी जिल्ह्याचे साहेब म्हणाले की नगरपालिकेच्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना सावध केलं, याचं कौतुक करायला हवं. टाळ्या वाजल्या. मी उठून नमस्कार केला. नमस्कार करायची काय गरज होती? हात आपोआप जोडले गेले.

बाळाचा उल्लेख एका आकड्यात आला. त्यावर चर्चा झाली ती एवढीच, की पोटातलं मूल साथीच्या मृत्यूंत धरायचं की नाही. ते राज्याला विचारून ठरवणार आहेत.

९ एप्रिल

आज ऑफिसात बसले असताना बाहेरून माझाच आवाज आला.

"नागरिकांना कळवण्यात येते की टाकी धुण्याचं काम सुरू असल्याने पुढील सूचनेपर्यंत पाणी उकळून प्यावे..." रस्त्याने पाणीपुरवठ्याची गाडी भोंगा लावून चालली होती. गेल्या वर्षी टाकी धुताना इंजिनियरने माझ्याकडून हे बोलून घेतलं होतं. बाईचा आवाज लोक ऐकतात म्हणून. मी विसरूनही गेले होते.

तशीच उठून त्याच्या टेबलाशी गेले. विचारलं, "हे लावायला परवानगी कोणाची लागते?"

"परवानगी कसली, मॅडम? टाकी आपली, गाडी आपली. मनात आलं की धुवायची."

"फेब्रुवारीत मनात आलं असतं तर?"

त्याने नजर खाली केली. "तुम्ही कावीळ म्हणत होतात," तो हळूच म्हणाला. "कोणी टाकी म्हटलंच नाही."

खरं आहे. मी कावीळ म्हटलं, म्हणून कागद काविळीच्या वाटेने गेला, जिल्ह्याकडे, प्रयोगशाळेकडे, परत जिल्ह्याकडे. टाकी धुवायची म्हटलं असतं, तर सहा तारखेच्या दुपारीच ही गाडी आमच्या गल्लीतून फिरली असती. साथ जाहीर न करता, रिपोर्ट न मागता. सगळं माझ्या हातात होतं. कोणाचा अधिकार कुठे संपतो हे मी इतकं घोकलं होतं, की माझा कुठे सुरू होतो हे बघायचंच राहिलं.

आणि याहून सोपं होतं ते एक मजला उतरून जाणं. त्याला तर गाडीही लागली नसती.

१० एप्रिल

गाडी काल आमच्याही गल्लीत फिरली. काकूंनी ती ऐकली आणि त्या वर आल्या. मी घरी नव्हते. सासूबाईंनी आज सकाळी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा.

काकूंनी विचारलं, "खरं सांगा, तुमच्याकडे पाणी कधीपासून उकळतात? सिलिंडर फेब्रुवारीतच संपला होता तुमचा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, मुलाने फोनवर सांगितलं होतं, बंदरावर कुठेतरी साथीचं ऐकलं म्हणून. म्हटलं, सुनेला यातलं काही ठाऊक नाही. तुम्हाला सांगायचं माझ्याच डोक्यातून गेलं, म्हातारपण."

"आई, असं का केलंत?"

"तुला अजून वीस वर्षं नोकरी करायची आहे. मला काय, मी बदनामच आहे."

मी त्यांना म्हणाले नाही की मी आत्ता खाली जाऊन खरं सांगते. डबा घेतला आणि ऑफिसला गेले.

१४ एप्रिल

काकू सासूबाईंशी बोलत नाहीत. जिन्यात समोरासमोर आल्या की भिंतीकडे बघून पुढे जातात. बिल्डिंगमध्येही बातमी पसरली आहे. चौथ्या मजल्यावरची मुलगी मला म्हणाली, "आजी सगळ्या जगाला सगळं सांगतात आणि नेमकं हेच विसरल्या?" मी म्हटलं, "वय झालं." हो, मी असं म्हटलं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मला वाटायला लागलं की मी बरी बाई आहे, तर हे पान उघडता येईल.

संध्याकाळी काकूंचा मुलगा एक पुडकं देऊन गेला. आत डॉक्टरचा पांढरा कोट. माप न घेता शिवलेला, तरी खांद्याला अगदी बरोबर. "आईने शिवला, गुंड्या हिने लावल्या. ती अजून बसू शकत नाही फार वेळ, पण गुंड्या मीच लावणार म्हणाली. तुम्ही होतात म्हणून ती वाचली." मी कोट घेतला. सासूबाई पलंगावर पाठ करून झोपल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

दोष खाली सरकत सरकत शेवटी सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसला, आणि तो तिथे बसावा म्हणून मी बोटही हलवलं नाही. ऑफिसात मी हेच तर शिकले.

१५ एप्रिल

आज खाली गेले.

काकू मशीनवर होत्या. मी म्हटलं, मला बोलायचंय, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काळी बाटली, सासूबाईंना घातलेली बंदी, पेन्सिल वर आली तो दिवस, बंद करवलेल्या दुपारच्या बैठकी. मधे दोनदा मी जिल्हा आणि प्रयोगशाळेचं सुरू केलं. काकूंनी अडवलं नाही, पण माझं मलाच ते पुढे बोलवेना. सासूबाई विसरल्या नव्हत्या, हे शेवटी सांगितलं.

काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवून धरलं होतं.

"तुमच्या सासूबाई काही सांगायच्या विसरतील?" त्या म्हणाल्या. "एवढी खुळी समजता मला? त्या खोटं बोलत होत्या तेव्हाच मला कळलं, कोणासाठी ते."

"मग त्यांच्याशी बोलत का नाही?"

"त्यांच्या तोंडाकडे बघितलं की मला रडू येतं. म्हणून भिंतीकडे बघते. तुम्ही याल का, याची वाट बघत होते. कोट पाठवला, तेव्हा वाटलं होतं, आता तरी याल."

मला तोंड वर करता येईना. मी म्हटलं, "तिलाही मी सांगते. तिचा हक्क आहे."

"नाही." आवाज चढला नव्हता. "तिला सांगायचं नाही. तिची लेक गेली. ज्या बाईने वाचवलं म्हणून ती चार घास खाते, ती बाईही तिच्याकडून काढून घेऊ? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून? ती पुन्हा आई होईल तेव्हा तुमच्याकडेच येईल. ठोके तुम्हीच ऐकवायचे तिला. दर महिन्याला. आणि ती धन्यवाद म्हणेल, ते ऐकून घ्यायचं."

मी हो म्हटलं.

आमची कुजबुज ऐकून पेन्सिल आतून भिंतीला धरत धरत आली. पुन्हा पहिल्यासारखी बारीक झाली आहे. मला बघून तिचा चेहरा उजळला. "ताई, उभ्या का? बसा ना." काकू परत मशीनकडे वळल्या. पेन्सिलने मला खुर्ची दिली, आत गेली आणि दोन्ही हातांनी पेला धरून सावकाश परत आली.

"घ्या," ती म्हणाली. "उकळलेलं आहे. घाबरू नका."

मी प्यायले.